संग्रहालयाच्या होमपेजसाठी वीस सेकंदांचा व्हिडिओ: एकच वस्तू निवडा

संग्रहालयं आणि कलादालनांसाठी छोटे व्हिडिओ करणं हे माझं रोजचं काम. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा एक यादी हातात पडते: इमारतीचं ड्रोनमधून दृश्य, प्रवेशद्वार, सगळी दालनं, कॅफे, संचालकांचे दोन शब्द. ती यादी बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारते. तुमच्याकडे अशी कोणती वस्तू आहे, जिचा फोटो बघून समाधान होत नाही, समोर उभंच राहावं लागतं? व्हिडिओ त्या एका वस्तूचा करायचा.

फोटो वेबसाइटवर असतातच. फोटोत जे हरवतं तेवढंच व्हिडिओने दाखवावं. सगळ्यात आधी हरवतो तो आकार. रेम्ब्रांचं ‘द नाइट वॉच’ हे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. व्हर्मीरची ‘लेसमेकर’ जेमतेम २४ सेंटीमीटर उंच आणि २१ सेंटीमीटर रुंद. मोबाइलवर दोन्ही तळहातात मावतात. पण चित्रासमोर कुणीतरी पाठमोरं येऊन उभं राहिलं, की मोजमाप न सांगताही कळतं. माझ्या मते होमपेजसाठी यापेक्षा चांगला शॉट नाही. माणूस पाठमोराच ठेवा: चेहरा दिसला की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जाते, शिवाय ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी लागते. मुलं असतील तर पालकांची.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग. झिजलेलं नाणं घ्या. समोरून उजेड टाकला तर ती नुसती सपाट चकती दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवा, दालनातले दिवे मंद करा आणि एक छोटा एलईडी दिवा नाण्याच्या जवळपास पातळीत आणून हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्या. सावल्या सरकतात, कडेची अक्षरं एकेक करून वर येतात, मग राजाचं नाक, मग मुकुट. कॅमेरा जागचा हललेला नसतो, तरी बघणारा खिळून राहतो. कोरीव शिलालेख, हस्तिदंती नक्षी, जाड रंगाचे फटकारे, सगळ्यांना ही रीत चालते. मात्र दिवा लावण्याआधी जतन विभागाला विचारा. धातू आणि दगड सहसा उजेड सोसतात. कागद, कापड आणि जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तिथे जादा दिवा आणूच नये. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवा, थोडा दाणेदारपणा आला तरी हरकत नाही. वस्तू आधी, व्हिडिओ नंतर.

काचेतून शूट करताना लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळं कापड धरा. कपडेही काळे घाला, नाहीतर मूर्तीच्या खांद्यावर तुमचा शर्ट दिसेल. चित्रात पट्टे लुकलुकत असतील तर दोष दिव्यांचा आणि शटरचा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०.

एडिट करताना तीन-चार शॉट पुरतात. पहिला शॉट वस्तूचाच हवा. लोगो फिरत येण्याची गरज नाही, तो पानावर वर आहेच. व्हिडिओ पुन्हापुन्हा चालणार, म्हणून शेवटची फ्रेम पहिलीशी जुळवा. दिव्याचा शॉट यासाठी उत्तम, कारण सुरुवातही अंधारात आणि शेवटही अंधारात.

आवाजावर वेळ घालवू नका. क्रोमने २०१८ मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखायला सुरुवात केली, आणि बाकीचे ब्राउझरही साधारण तोच नियम पाळतात. तेव्हा व्हिडिओ मुळातच मूक बनवा आणि फाइलमधून ऑडिओ काढून टाका. क्युरेटर बोलत असलेला लांब व्हिडिओ जरूर करा, सबटायटलसह, पण तो आतल्या पानावर.

व्हिडिओवर मजकूर छापू नका. प्रदर्शनाचं नाव, तारखा आणि ‘भेटीची वेळ निवडा’ हे बटण वेबपानाच्या मजकुरात द्या. तारीख बदलली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते ऐकू येतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल इतर मजकुरासोबत दिसत असेल, तर ती थांबवायची सोय हवी. म्हणजे विरामाचं बटण, तेही सहज दिसेल असं. ज्यांनी आपल्या यंत्रावर ‘हालचाल कमी करा’ ही सेटिंग लावली आहे, त्यांना स्थिरचित्रच दाखवायला डेव्हलपरला सांगा. भराभर हलणाऱ्या दृश्यांनी काहींना खरोखर चक्कर येते.

त्या स्थिरचित्राकडे, म्हणजे पोस्टरकडे, फार कमी लोक लक्ष देतात याचं मला वाईट वाटतं. व्हिडिओ लोड होईपर्यंत तेच दिसतं, आयफोन लो पॉवर मोडवर असेल तर बहुधा तेवढंच दिसतं. मधलीच कुठली तरी फ्रेम न उचलता ते वेगळं, नीट काढा.

फाइलचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला दोन मेगाबिट, वीस सेकंद, म्हणजे ४० मेगाबिट, अर्थात पाच मेगाबाइट. त्याच्या वर जाऊ नका. एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत एमपी४ फाइल केली की बहुतेक सगळीकडे चालतं. मोबाइलसाठी उभी आवृत्ती वेगळी कापा, किंवा निदान शूट करतानाच वस्तू फ्रेमच्या मध्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू छाटल्या तरी ती शाबूत राहते.

हक्कांचं काम शूटिंगच्या आधीच उरका. चित्र संग्रहालयाच्या मालकीचं असलं तरी हयात कलाकाराचा कॉपीराइट सहसा त्याच्याचकडे असतो, आणि भिंतीवर लावण्याची परवानगी म्हणजे इंटरनेटवर दाखवण्याची परवानगी नव्हे. उसनवारीवर आलेल्या वस्तूंसाठी करारपत्र उघडून बघा. परवानगी कुठल्या माध्यमासाठी आणि कधीपर्यंत आहे ते लिहून घ्या, आणि ती तारीख वेबसाइट सांभाळणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये टाका, म्हणजे मुदत संपण्याआधी व्हिडिओ उतरवता येईल.