बाण कोणत्या नावाचा?

उपयोजित कलेचे शिक्षण संपल्यावर माझ्याकडे आलेले पहिले मोठे काम एका रुग्णालयाच्या दिशादर्शक फलकांचे होते. विभागांची नावे एकाखाली एक आणि त्यांच्या मधल्या जागेत बाण, अशी मांडणी मी केली होती. पडद्यावर ती नीटनेटकी दिसत असली, तरी फलक लागल्यावर क्ष-किरण विभागात जायची माणसे रक्ततपासणीच्या खिडकीपाशी उभी राहू लागली, कारण प्रत्येक बाण वरच्या आणि खालच्या नावापासून सारख्याच अंतरावर होता. जवळच्या गोष्टी डोळा एका गटात बांधतो, हा मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली मांडलेल्या समूहनाच्या नियमांपैकी एक नियम मी परीक्षेत व्यवस्थित लिहिला होता. तो फलकावर वापरायचा असतो, हे मात्र तिथे उभे राहिल्यावर उमगले. बाण आपापल्या नावालगत आणून दोन नावांमधले अंतर वाढवले आणि गोंधळ मिटला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी संगणकाच्या आज्ञावल्यांइतकाच वेळ डोळ्याच्या अभ्यासाला द्यावा, असे मला मनापासून वाटते. आपल्याला स्पष्ट दिसणारे क्षेत्र जेमतेम दोन अंशांचे, म्हणजे हात लांब करून पाहिलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे असते. बाकीचे दृश्य धूसरच असते आणि नजर सेकंदाला साधारण तीन उड्या घेत ते जुळवत जाते. पहिली उडी कुठे पडावी, हे मांडणी करणाऱ्याने ठरवायचे असते.

मराठी मजकुराची मांडणी करताना तर ही जाण फारच उपयोगी पडते. देवनागरी शब्दाला शिरोरेषा एकसंध ठेवते, त्यामुळे रोमन लिपीतील मथळ्यांचे अनुकरण करून अक्षरे दूर दूर केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात. शिवाय वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली असल्याने रोमनसाठी पुरेसे असलेले ओळींमधील अंतर येथे अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो आणि नजर ओळ चुकते.

रंगांच्या बाबतीत एकच सांगतो. लाल आणि हिरवा यांतील भेद ज्यांना जाणवत नाही अशी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्या वाचकांत असणारच. म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ठळक फरक ठेवावा आणि नमुना एकदा कृष्णधवल छापून पाहावा.

काम सोपवण्यापूर्वी फलकाचा मूळ आकाराचा छापील नमुना भिंतीवर लावावा, लोक जितक्या अंतरावरून वाचणार असतील तितके मागे जावे आणि ते काम पूर्वी न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला दोनच सेकंद दाखवून काय दिसले, ते विचारावे. तिने चुकीचे उत्तर दिले, तर समजावून सांगू नये, मांडणी बदलावी.