नोकरी सांभाळून आंतरराष्ट्रीय व्यवहार शिकवायचे असतील तर

सोलापुरात आंतरराष्ट्रीय विषय शिकवायला अनुभवी माणसं मिळत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. एमआयडीसीत टॉवेलचे कंटेनर भरणारे आहेत, द्राक्षं-डाळिंबं परदेशी धाडणारे आहेत, बाहेर नोकरी करून घरी परतलेले आहेत. ही माणसं वर्गापर्यंत पोहोचत नाहीत, एवढंच. मी टॉवेल निर्यातीची कागदपत्रं बघतो आणि आठवड्याला दोन तास शिकवतो. तुमच्याही मनात असेल तर हे वाचा.

आधी कोणत्या दाराने जायचं ते ठरवा. एखाददुसऱ्या व्याख्यानासाठी विभागप्रमुखांना भेटलं की काम होतं. नियमित शिकवायचं तर तासिका तत्त्व आहे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन; कॉलेजात सगळे त्याला सीएचबी म्हणतात. तिथे नेट, सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी विचारतात, मग अनुभव कितीही असो. तिसरं दार विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये उघडलं: ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काढलेली हवीत. नेट-पीएचडीची किंवा शोधनिबंधांची अट नाही. सुरुवातीची नेमणूक एक वर्षापर्यंत, एकूण तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. अर्धवेळही करता येतं. शिक्षकी पेशातल्यांना, निवृत्त प्राध्यापकांनासुद्धा, ते खुलं नाही. स्वतःच्या सविस्तर माहितीसोबत आपण विद्यार्थ्यांना काय देऊ शकतो याचं छोटं टिपण द्यायचं असतं. त्या टिपणावर मेहनत घ्या. हुद्द्यांची यादी नको, कोणतं प्रकरण कसं शिकवाल ते लिहा.

मग परवानगी, आणि ती लेखीच. केंद्र सरकारच्या सेवेत असाल तर १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नाही. खासगीत मालक तोंडी ‘शिकवा की हो’ म्हणतात. मी त्यावर विसंबलो होतो. ऐन मार्चच्या घाईत तेच मालक म्हणाले, आता बंद करा. अभ्यासक्रम अर्धा सोडावा लागला. परीक्षेच्या तोंडावर पोरांना वाऱ्यावर सोडल्याचं मला आजही लागून आहे.

आता वर्ग. अनुभवी माणूस पहिले दोन तास आठवणी सांगतो, मुलंही रंगतात. तिसऱ्या तासाला वह्या कोऱ्याच असतात. म्हणून एक कागद घेऊन वर्गात जा. मी निर्यातीचं इन्व्हॉइस, म्हणजे मालाचं बिल, नेतो. ग्राहकाचं नाव आणि दर काळ्या शाईने झाकून त्याची झेरॉक्स प्रत्येक बाकावर देतो. कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’, म्हणजे हॅम्बुर्ग बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून किंमत. विचारतो, बोट वाटेत बुडाली तर नुकसान कोणाचं? विमा आणि भाडं आपण भरलंय, म्हणजे आपलंच, असं बहुतेक सगळे म्हणतात. तसं नाही. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात माल बोटीवर चढला की जोखीम खरेदीदाराची. एफओबीत, म्हणजे भाडं आणि विमा खरेदीदार बघतो त्या सौद्यात, असते तशीच. विमा आपण त्याच्यासाठी काढलेला असतो.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘सर, मग लूमवाल्याचे पैसे कोण देणार?’ त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला. एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, असेल तर बँक माल बघत नाही, कागद बघते. कागद बिनचूक असले की माल बुडाला तरी पैसे मिळतात. मग २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून का जाऊ लागल्या, हे त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

व्यापाराचे नसाल तर दुसरा धागा धरा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. मुलांना विचारा: तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता, मग पथक पाठवलं कोणी? काँग्रेसने पाठवलं, चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंना केलेल्या विनंतीवरून. स्वतःचं सरकार नसतानाही परराष्ट्र संबंध असतात, हे एवढ्यावरून वर्गाला उमगतं.

भाषेचा संकोच नको. घरी तेलुगू-कन्नड बोलणारी मुलंही समोर असतात. समजावताना साधी मराठी बोला, पण फळ्यावर शब्द कागदावर असतो तसाच लिहा. पुढे नोकरीत त्यांना तोच भेटणार आहे.

अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका कोणी काढायची, पेपर कोणी तपासायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शिकवण्याइतकाच वेळ त्यात जातो. आणि वेळापत्रक ठरण्याआधी आपला तास मागून घ्या. मी सकाळचा पहिला मागितला, कारण दुपारनंतर सीएचएचा (कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटचा) फोन कधी येईल आणि कंटेनर कुठे अडकला असेल, याचा नेम नसतो.