इस्लामचा अभ्यास सुरू करताय? या चुका टाळा

कुरआनचा मराठी अनुवाद आणायचा, कुठलंही पान उघडायचं, एक आयत (कुरआनातलं वचन) वाचायची आणि 'इस्लाम असं सांगतो' म्हणून मोकळं व्हायचं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता अभ्यासवर्गाचा पहिला तास तिच्यावरच जातो.

दोन वर्षांपूर्वी वर्गातला एक हुशार मुलगा उठला. "सर, नशेत नमाजजवळ जाऊ नका, एवढंच कुरआन म्हणतं. म्हणजे एरवी पिणं चालतं." सूरह (अध्याय) अन्-निसा, आयत 43. वाक्य त्याने बरोबर वाचलं होतं. मी त्याला आधी 2:219 (दुसरी सूरह, आयत 219) काढायला लावली: दारू-जुगारात लोकांना काही फायदा आहे, पण पाप फायद्याहून मोठं. मग 5:90: हे सैतानी काम, यापासून दूर राहा. या आयती एका दिवशी उतरलेल्या नाहीत. कुरआन सुमारे 23 वर्षांत, आधी मक्केत आणि मग मदिनेत, थोडं थोडं उतरलं. दारू अंगवळणी पडलेल्या समाजाकडून ती हळूहळू सोडवली आणि शेवटी साफ बंद केली. मुलाने मधली पायरी धरली आणि तिलाच माडी समजला.

शिवाय सूरह काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. साधारणपणे मोठ्या आधी, छोट्या नंतर. सगळ्यात आधी उतरलेल्या आयती आज 96व्या सूरहमध्ये आहेत. म्हणून मी वहीत प्रत्येक सूरहपुढे मक्की की मदनी ते लिहितो, आणि मागच्या-पुढच्या दहा आयती वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. वेळ लागतो. ज्याला घाई आहे त्याने हा विषय हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक फॉरवर्डची. 'ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा' हे पैगंबरसाहेबांचं वचन म्हणून भाषणाभाषणात ऐकू येतं. हदीसचे, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींचे, बहुतेक जाणकार ते कमकुवत किंवा बनावट मानतात. हदीसमध्ये मजकुराइतकीच सनद महत्त्वाची, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी. त्या साखळीतली माणसं विश्वासू होती का, एकमेकांना भेटली होती का, हे तपासण्यात इमाम बुखारींसारख्या हदीस-संग्राहकांनी आयुष्य घातलं. ग्रंथ, प्रकरण आणि दर्जा (सहीह म्हणजे खात्रीची, हसन म्हणजे चांगली की जईफ म्हणजे कमकुवत) कळल्याशिवाय मी एकही हदीस वापरत नाही. नुसता क्रमांक पुरत नाही, तो आवृत्तीगणिक बदलतो.

तिसरी चूक शब्दांच्या गल्लतीची. शरीअत आणि फिकह एक नव्हेत: शरीअत ही अल्लाहने दाखवलेली वाट, फिकह ही ती समजून घ्यायची माणसांची मेहनत. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकाराने, दिलेलं मत, कोर्टाचा हुकूम नव्हे. जकात, म्हणजे सक्तीचं दान, बहुतेक जाणकारांच्या मते थेट पगारावर नसते. निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) किंवा जास्त शिल्लक चांद्रवर्षभर राहिली तर तिच्यावर अडीच टक्के.

आणि 'इस्लाममध्ये असंच आहे' हे वाक्य फार जपून वापरा. कुरआन, सुन्नत (पैगंबरसाहेबांची रीत), इज्मा (जाणकारांचं एकमत) आणि कियास (साम्यावरून काढलेला निष्कर्ष) हे सुन्नी परंपरेचे चार आधार. पण ते लावायचे कसे, यात हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली इमामांचे रस्ते वेगळे. शियांच्या जाफरी परंपरेत कियास मानत नाहीत, तिथे अक्ल (बुद्धी) आहे. लांब कशाला, आम्ही कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. आमच्याकडे वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ सुरू होते, हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. दोघेही दुपारची मूळ सावली वजा करूनच मोजतात. कोळंबी आम्हाला हलाल. हनफींमध्ये ती मासा आहे की नाही यावरच जुना वाद. एकदा मालेगावचे पाहुणे घरी आले होते. कोळंबीच्या कालवणाची वाटी एका चाचांनी हळूच बाजूला सरकवली. अम्मीने काही न विचारता त्यांच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली.