फोर्लिंपोपोलीच्या ‘सेगावेक्किया’ची तारीख अशी काढा

इटलीतल्या फोर्लिंपोपोली गावात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या, मध्यावर ‘म्हातारी’ची अवाढव्य बाहुली कापतात; हाच ‘सेगावेक्किया’ उत्सव. पण ईस्टर दरवर्षी सरकतो, त्यामुळे तारखेचा अंदाज हमखास चुकतो.

१. ईस्टरच्या तारखेतून २४ दिवस वजा करा. येईल तो लेंटमधला मधला गुरुवार. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणजे गुरुवार ४ मार्च.
२. त्याच्या आगेमागचे रविवार मोकळे ठेवा. चित्ररथ बघायचे ते तेव्हाच.
३. बोलोन्या–रिमिनी मार्गावरची साधी पॅसेंजर पकडा.

मुलं बरोबर असतील तर कापडी पिशवी न्याच आणि पुढे उभे राहा. त्या अवाढव्य बाहुलीचं पोट उघडलं की आतून खाऊ बाहेर येतो, तो क्षण मागून दिसत नाही.

तिकीट काढण्याआधी नगरपालिकेचं त्या वर्षीचं वेळापत्रक मात्र बघा. पावसात बेत बदलू शकतो.