अलाबामातलं बर्मिंगहॅम: बाहेर जेवायला जाताना या चुका टाळा

बर्मिंगहॅम म्हटलं की आपल्या लोकांना इंग्लंड आठवतं. हे दुसरं, अमेरिकेच्या दक्षिणेतलं. खुद्द शहराची वस्ती दोन लाखांच्या आसपास. हूवर, होमवुड, व्हेस्टेव्हिया हिल्स अशी लगतची गावं धरली तर आकडा दहा लाखांच्या वर जातो. विद्यापीठात, हॉस्पिटलात किंवा आयटीत कामाला आलेली मराठी मंडळीही इथे भेटतात. नवं कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘बाहेर खायचं कुठे?’ मी आधी कुठे फसायला होतं ते सांगते.

‘भाजी’ या शब्दावर विश्वास ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी सासूबाईंना घेऊन केली आहे.

इथलं अस्सल जेवण ‘मीट अँड थ्री’मध्ये मिळतं: एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, सोबत मक्याचा पाव. बर्मिंगहॅम हे लोखंडाचं गाव. स्लॉस फर्नेसेसची भट्टी १९७१ मध्ये थंडावली, पण कामगाराला दुपारी भरपेट, झटपट आणि परवडेल असं ताट देण्याची रीत टिकली. गिरणगावातल्या खानावळी आठवा, मग वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मांस नको असेल तर ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागायची, म्हणजे चार भाज्या येतात.

आम्ही तेच केलं. फरसबी, चवळी (इथे तिला ब्लॅक-आइड पीज म्हणतात), कोलार्डचा पाला आणि मॅकरोनी चीज. हो, मॅकरोनी इथे भाज्यांच्या यादीत असते, हसू नका. मी रीतसर विचारलं होतं, ‘यात मीट आहे का?’ वाढणाऱ्या बाईंनी गोड हसून ‘नो मीट, हनी’ म्हटलं. सासूबाई चवीनं जेवल्या. ‘ही फरसबी इतकी खमंग कशी गं?’ असं म्हणत त्यांनी वाटीत चमचा फिरवला आणि तळाशी एक गुलाबी, धाग्यासारखा तुकडा निघाला. हॅम! श्रावण चालू होता. पुढचं सांगत नाही.

त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. दक्षिणेत पालेभाजी, फरसबी, चवळी तासन् तास शिजते ती डुकराच्या हाडासोबत किंवा बेकनच्या चरबीत. त्यांच्या लेखी ते मीट नव्हेच, ती फोडणी. म्हणून प्रश्न बदला: ‘हे हॅम, बेकन किंवा चिकन स्टॉक घालून शिजवलंय का?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं. मक्याच्या पावात बेकनची चरबी असू शकते. तळलेली भेंडी बहुतेक ठिकाणी त्याच तेलात निघते ज्यात मासा आणि चिकन तळलेलं असतं. थरथरणारं रंगीत ‘काँजील्ड सॅलड’ म्हणजे जिलेटिन, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, तेव्हा तेही बाद. आणि बिस्किट म्हणजे पार्ले-जी नव्हे, तो मऊसूत पाव. त्यावरच्या पांढऱ्या ग्रेव्हीत बहुधा सॉसेज असतं.

बिनघोर काय खाता येईल? ग्रिट्स, म्हणजे आपल्या मक्याच्या कण्या. पाण्यात किंवा दुधात शिजवल्यात एवढं विचारून घ्या आणि लोणी-मिरपूड घालून खा. चीज घातलेल्या तर फारच छान.

रात्री आठला खानावळ शोधणं

बऱ्याचशा मीट अँड थ्री दुपारपुरत्याच असतात, दोन-अडीचला आवरतात. शनिवारी अनेक बंद. रविवारी उघड्या असल्या तर चर्च सुटल्यावर, बारानंतर, ठेवणीतल्या कपड्यांतली कुटुंबं दारापर्यंत उभी असतात. साडेअकराला जा. रांगेत पोचेपर्यंत काय घ्यायचं ते ठरवून ठेवा. ‘उम्म… हे काय आहे?’ करत थांबलात तर मागचे लोक तोंडाने काही बोलत नाहीत, पण डोळ्यांनी बोलतात.

बार्बेक्यूला ‘भाजलेलं काहीतरी’ समजणं

इथे बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरावर तासन् तास शिजलेलं मांस, आणि काही सांगितलं नाही तर ते डुकराचंच. नको असेल तर ‘चिकन’ हा शब्द स्पष्ट उच्चारा. चिकनसोबत उत्तर अलाबामाचा पांढरा सॉस जरूर घ्या. मेयोनीज, व्हिनेगर आणि मिरीचा हा सॉस डिकेटरच्या बिग बॉब गिब्सन यांचा, १९२५ पासूनचा. अंडं न खाणाऱ्यांनी अर्थात टाळावा. डुकराचं मांस खाणाऱ्यांना ‘इनसाइड की आउटसाइड?’ असा प्रश्न येऊ शकतो. बिनधास्त आउटसाइड म्हणा, करपलेल्या कडांची चव आतल्या मांसाला नाही.

मेन्यूत ग्रीक पदार्थ दिसले म्हणून पुढे जाणं

या गावच्या हॉटेलांत ग्रीक स्थलांतरितांचा हात पूर्वीपासून आहे. शेजारच्या बेसेमरमधलं ‘द ब्राइट स्टार’ १९०७ चं. तिथे ग्रीक पद्धतीचा स्नॅपर मासा खावा. मत्स्याहारी मराठी माणसाला या गावात इतकं समाधान दुसरीकडे मिळेलसं मला वाटत नाही.

जुन्या याद्या घेऊन फिरणं

२०१८ मध्ये जेम्स बिअर्ड या अमेरिकेतल्या मानाच्या खाद्य-पुरस्कारात देशातलं सर्वोत्तम हॉटेल ठरलेलं, शेफ फ्रँक स्टिट यांचं ‘हायलँड्स बार अँड ग्रिल’ अजून कित्येक याद्यांत वर असतं, पण २०२० च्या साथीत त्याचं दार लागलं. निघण्याआधी फोन करा.

बिलाचा हिशेब मेन्यूवरून करणं

शहरात विक्रीकर १० टक्के आहे. शिवाय टेबलावर सेवा घेतली तर १८ ते २० टक्के टिप. म्हणजे मेन्यूवर २० डॉलर दिसले की मनात २६ धरायचे. टिप द्यायला जीवावर येतं, कबूल. पण टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच अडकलंय आणि अलाबामाचा स्वतःचा किमान वेतन कायदा नाही. रांगेतून ताट घ्यायच्या ठिकाणी चहा भरून देणाऱ्यासाठी एक-दोन डॉलर ठेवले तरी चालतात.

चहावरून आठवलं, नुसतं ‘टी’ म्हणालात तर बर्फ घातलेला पाक येतो. ‘हाफ अँड हाफ’ मागा, अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा.

आणि हायवेवरच्या पेट्रोल पंपावर ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी दिसली तर गाडी थांबवा. आत गरम भांड्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा असतात. ‘केजन’ लिहिलेल्या तिखट असतात, तुम्ही साध्या घ्या. फरसबीच्या प्रसंगानंतर सासूबाई चार दिवस बाहेरचं काही खायला तयार नव्हत्या. शेंगांचा पहिला कप त्यांनी एकट्यांनी संपवला आणि टरफलं पदरात धरून म्हणाल्या, ‘अजून एक आण. आणि विचार हं, त्यात काही टाकलंय का!’