जीएम पिकांच्या दीर्घकालीन धोक्याचा अंदाज कसा घ्यावा

जीएम म्हणजे जनुकांत मुद्दाम बदल केलेली पिके. ‘जीएम चांगले की वाईट’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण बोंडअळीला रोखणारा कापूस, तणनाशक सोसणारे सोयाबीन आणि विषाणूला दाद न देणारी पपई यांचे धोके एका मापाने मोजता येत नाहीत. आधी पीक कोणते, त्यात कोणते जनुक घातले आहे आणि ते न लावल्यास शेतात काय फवारले जाईल, हे लिहून काढावे.

मग प्रत्येक धोक्याबाबत विचारावे, की चूक उमगल्यावर ती मागे घेता येईल का? ब्राझील नटचे जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये त्या नटाची अ‍ॅलर्जीही उतरल्याचे चाचणीत आढळले, १९९६ मध्ये तो निष्कर्ष प्रकाशित झाला आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. परागकणांवाटे पिकाच्या रानटी भाईबंदांत शिरलेले जनुक मात्र परत बोलावता येत नाही. असे भाईबंद आसपास उगवत असतील तिथे सावधगिरीचे पारडे जडच ठेवावे.

आरोग्याबाबत शब्द जपून वाचावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाला या पिकांमुळे आरोग्याला अधिक धोका असल्याचा पुरावा आढळला नाही, पण सूक्ष्म किंवा दीर्घकालीन परिणाम हुडकणे मुळातच अवघड असते, हेही त्यात नमूद आहे. दोन्ही वाक्ये सोबतच उद्धृत करावीत. एकच उचलणारा, माझ्या मते, आधीच निकाल ठरवून आलेला असतो.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो किडीच्या प्रतिकारशक्तीला. भारतात २००२ मध्ये बीटी कापूस (जीवाणूच्या जनुकामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःतच तयार करणारा) आला, तेव्हा ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी मिळे. बीटीच्या विषाला बळी पडू शकणाऱ्या अळ्या कडेच्या बिगरबीटी ओळींवर वाढाव्यात आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत, म्हणजे पुढची पिढीही विषाला बळी पडत राहील, हा तिचा हेतू. पण ती अनेकदा पेरलीच गेली नाही आणि पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. अमेरिकेत मात्र अशा ओळी राखल्या गेल्या, नंतर वंध्य केलेले पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये तिथल्या कापसातून हीच अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. जनुकाइतकाच धोका त्याच्या वापरात असतो, म्हणून परवानगीच्या कागदात बोंडे फोडून अळ्या कोण, केव्हा आणि किती शेतांत मोजणार हे लिहिलेले नसेल, तर ‘देखरेख ठेवली जाईल’ या वाक्याला शून्य गुण द्यावेत.