अंगणातली काळी माती, वाफसा आणि कचरा

मृगाचा पहिला पाऊस पडला, मातीचा वास सुटला आणि मी त्याच संध्याकाळी टिकास, म्हणजे टोकदार कुदळ, घेऊन अंगणात उतरले. शेजारचे काकाजी कुंपणावरून ओरडले, "वाफसा तं येऊ दे नं बाई!" वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खणण्याजोगी होणं. पण मी कुठली ऐकते? आठवड्याने ती ढेकळं हातोड्यालाही फुटेनात. नागपूरची काळी माती ओलीचिंब असताना खणली की तिची वीट होते. म्हणून आधी खणायची वेळ साधा, बाकीचं सगळं नंतर.

सगळ्यात चांगली वेळ एप्रिल-मे. भेगाळलेल्या मातीत सब्बल (पहार) घालून नऊ-दहा इंच खोल ढेकळं उलटी करा आणि तशीच पडू द्या. पारा ४५ च्या घरात असतो, त्यात उघडी पडलेली हराळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी वाळून जातात. ढेकळं फोडण्यात घाम गाळू नका, पहिल्या पावसात ती आपोआप विरतात. काम मात्र सकाळी आठच्या आत उरका.

घर नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, असेल तर आधी फूटभर खड्डा करून बघा. वर मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा निघाला तर तो थर काढून टाकावाच लागेल. त्यावर नुसतं खत पसरून वांगी येत नाहीत.

उन्हाळा हुकला तर पावसाच्या उघडिपीची वाट बघा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. पडताच फुटला तर वाफसा आला, खणा. चपटा होऊन चिकटला तर टिकास परत ठेवून द्या.

दहा बाय दहा फुटांच्या जागेला २० ते २५ किलो शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं, हातात भुसभुशीत लागणारं हवं. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि कचऱ्याचं (तणाचं) बीही. माती मोकळी व्हावी म्हणून कुणी वाळू घालायला सांगेल. थोडीशी वाळू चिकण मातीत मिसळली की ती आणखी घट्ट बसते, त्यापेक्षा पालापाचोळ्याचं खत घाला. मग तीन फूट रुंद आणि सहा-आठ इंच उंच गादीवाफे करा, मध्ये चालायला फूटभर वाट ठेवा. सपाट जमिनीत जुलैचं पाणी साचतं आणि मिरचीची मुळं सडतात.

आता कचरा, म्हणजे तण. वाफा तयार झाला की लगेच सांभार (कोथिंबीर), पालक पेरू नका. पाऊस नसेल तर पाणी शिंपडा आणि दहा-बारा दिवस थांबा. वरच्या थरातलं बरंचसं तण उगवून येईल. ते खुरप्याने फक्त वरवर, इंचभर खरवडा. खोल गेलात तर खालचं झोपलेलं बी वर येतं आणि सगळी मेहनत पाण्यात. यानंतरच पेरणी करा. माझं निंदण, म्हणजे तण काढायचं काम, यामुळे निम्म्याने कमी झालं.

हराळीला कुदळ लावू नका, तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नवी हराळी फुटते. माती सैल करून सबंध दोर ओढून काढा. लव्हाळा वरून उपटला तर गाठ आत राहते, ती खुरप्याच्या टोकाने उकरा. गाजरगवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालूनच काढा. त्याने अंगाला खाज सुटते. फुललेलं असेल तर खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका.

पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिलं निंदण, पुढे महिन्या-दीड महिन्याच्या आत दुसरं. रोपं वीतभर झाली की त्यांच्यामध्ये वाळलेल्या पानांचा किंवा तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) दोन-तीन इंच थर द्या, बुंध्यापाशी जागा मोकळी ठेवून.

निंदताना घोळ ही रानभाजी निघाली तर फेकू नका, निवडून तुरीच्या डाळीत घाला. तरोट्याचे (टाकळ्याचे) कोवळे शेंडेही असेच टोपलीत जमा करा आणि लसणाची फोडणी देऊन परता.